गुप्तवार्ता अधिकारी ते आंतरराष्ट्रीय सुरक्षा सल्लागार: वर्दी उतरवण्याआधी काय काय करायचं

"सर, पेपर टाकलेत. वर्षभरात बाहेर पडेन. तुमच्यासारखं बाहेरदेशी सिक्युरिटी ॲडव्हायजर म्हणून जायचंय. कोर्स कुठला करू?"

असा फोन मला महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. बोलणारा बहुधा लेफ्टनंट कर्नल असतो, पेन्शनला लागणारी वीस वर्षं पुरी झालेली, पोरं दहावी-बारावीला. मी कोर्स सांगत नाही. मी म्हणतो, आजवर तू काय काम केलंस ते एका पानात लिही. त्यात फौजेतला एकही शब्द नको. तुझ्या गावच्या ग्रामसेवकाला ते पान वाचून समजलं पाहिजे. हे पान आजवर कुणालाच एका बैठकीत जमलेलं नाही. मला तीन आठवडे लागले होते.

मी बावीस वर्षं इंटेलिजन्स कोअरमध्ये होतो. २०१३ मध्ये बाहेर पडलो आणि पुढे दक्षिण सुदान, केनिया, काँगो इथे मदतसंस्थांचा सुरक्षा सल्लागार म्हणून राहिलो. फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगतो ते इथे एकदा सलग लिहून काढतो आहे.

आपल्याकडे देण्यासारखं काय आहे

बाहेरच्यांना वाटतं, गुप्तवार्ता अधिकाऱ्याकडे गुपितं असतात आणि त्यांनाच किंमत येते. गुपितं सरकारची. ती तिथेच ठेवून यायचं. आपलं स्वतःचं म्हणावं असं एकच कसब आपल्याबरोबर येतं: कानावर आलेल्या गोष्टीला कस लावायचा आणि लागलेला कस निर्णय घेणाऱ्याला सरळ शब्दांत सांगायचा.

आमचं गाव विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी वितळवायची, शुद्ध करायची, कस सांगायचा. आप्पांचं दुकान कोइमतूरला होतं. सुट्टीत मी तिथे असायचो. गिऱ्हाईक दागिना पुढे करायचं आणि लगेच त्याची कहाणी सुरू व्हायची, आजीचा आहे, अमक्या पेढीवरचा आहे. आप्पा सगळं ऐकून घ्यायचे आणि दागिना काळ्या कसोटीच्या दगडावर घासायचे. बारीक पिवळी रेघ उमटायची. तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सुईची रेघ ओढायची आणि दोन्हींवरून आम्लाची काडी फिरवायची. कुठली रेघ किती फिकी पडते, तेवढंच बघायचं. मला ते एकदा म्हणाले होते, "पोरा, माणूस चांगला म्हणून सोनं चांगलं ठरत नाही, आणि माणूस लबाड म्हणून सोनं खोटं ठरत नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा मांडायचा."

जगातल्या अनेक लष्करांत आणि पोलीस दलांत बातमीला दर्जा देण्याची जी पद्धत आहे ती नेमकी हीच आहे. सांगणाऱ्याला ए ते एफ, सांगितलेल्या गोष्टीला १ ते ६. एफ म्हणजे माणूस किती भरवशाचा ते कळायला मार्ग नाही, ६ म्हणजे गोष्ट खरी की खोटी ते ठरवता येत नाही. भरवशाचा माणूससुद्धा बाजारात ऐकलेली वावडी सांगू शकतो, आणि ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही तो डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकतो. ही दोन खाती वेगळी ठेवायची सवय हाडात मुरलेली असेल तर या क्षेत्रात तुम्हाला जागा आहे. मुरलेली नसेल तर कुठलंही प्रमाणपत्र कामाला येणार नाही.

वर्दीत असतानाच

अजून कॉलेजात असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंटेलिजन्स कोअरची वेगळी भरती नसते. बारावीनंतर एनडीए किंवा पदवीनंतर सीडीएस ही प्रवेशपरीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी ही निवड चाचणी, मग डेहराडून किंवा चेन्नईची अकादमी. शेवटी पसंती, गुणवत्ता आणि जागा यांचा मेळ बसला तर कोअर मिळते. बारावीपर्यंतच्या पायासाठी महाराष्ट्रात साताऱ्याची सैनिक स्कूल आहे (१९६१, देशातली पहिली) आणि छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. मुलींनाही ही वाट मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालानंतर या कोअरसह इतर शाखांतल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशनचा हक्क मिळाला, आणि २०२२ पासून एनडीएतही मुली आहेत. कोअरचं प्रशिक्षण केंद्र पुण्यातच आहे. त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी अधिकाऱ्यांचं करिअर घरापासून दोन-चार तासांच्या अंतरावर सुरू होतं.

सेवेत असणाऱ्यांनी तीन गोष्टींच्या मागे लागावं. पहिली, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत एक पोस्टिंग, मिलिटरी ऑब्झर्व्हर म्हणून किंवा स्टाफ ऑफिसर म्हणून. त्याचं प्रशिक्षण दिल्लीच्या सेंटर फॉर यूएन पीसकीपिंगमध्ये होतं. मोहिमेच्या मुख्यालयात जॉइंट मिशन ॲनालिसिस सेंटर असतं. तिथे लष्करी, पोलीस आणि नागरी माणसं एकाच टेबलाशी बसून परिस्थितीचा अंदाज बांधतात. तिथे जागा मिळाली तर सोडू नका. मी २००७ मध्ये काँगोत, गोमाला होतो. हुद्दा न विचारता माझ्या निष्कर्षावर "हे तुला कशावरून वाटतं?" असं विचारणारी पंचविशीतली मुलगी मला तिथेच पहिल्यांदा भेटली. माझं निम्मं शिक्षण त्या प्रश्नाने केलं.

दुसरी गोष्ट, भाषा. फ्रेंच किंवा अरबी यांपैकी एक. काँगो, माली, नायजर, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक इथे फ्रेंचशिवाय पान हलत नाही, आणि फ्रेंच येणारे भारतीय अर्जदार मोजकेच असतात. पुण्यात पोस्टिंग असेल तर संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटचा वर्ग करा. परीक्षेतल्या गुणांपेक्षा ड्रायव्हरशी तासभर बोलता येणं महत्त्वाचं आहे.

तिसरी, पदव्युत्तर पदवी. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजमधून मद्रास विद्यापीठाची एमएस्सी मिळते. ते जमलं नाही तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. हिचं महत्त्व पुढे कळेल.

आधी कायदा, मग बायोडेटा

शासकीय गुपिते अधिनियम १९२३ निवृत्तीनंतरही तुमच्या मागे असतो. तुमच्या हुद्द्याला खासगी किंवा परदेशी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते का आणि किती काळ लागते, हे रिलीजच्या आधी लेखी विचारून घ्या. उत्तराची प्रत घरी ठेवा. बायोडेटात युनिटची नावं, मोहिमांची नावं, उपकरणांची नावं, सोर्सबद्दल, म्हणजे खबऱ्यांबद्दल, एक अक्षरही नको. लिंक्डइनवर तर मुळीच नको.

कारण लिंक्डइनवर तुम्ही "माजी मिलिटरी इंटेलिजन्स, आता सल्लागार" असं लिहिलंत की काही दिवसांत एखादी गोड बोलणारी कन्सल्टन्सी दारात उभी राहते. सीमाभागातल्या परिस्थितीवर दोन पानांचा लेख द्या, पैसे चांगले देऊ. पहिला लेख वर्तमानपत्रात छापून आलेल्या माहितीवरच मागतात. तिसरा तसा नसतो. अमेरिकेचे केव्हिन मॅलरी हे सीआयएमध्ये काम केलेले गृहस्थ निवृत्तीनंतर सल्लागार झाले होते, कर्जात होते, आणि २०१७ मध्ये लिंक्डइनवरूनच चिनी गुप्तहेरांच्या गळाला लागले. २०१९ मध्ये त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. अनोळखी माणूस भारतीय सैन्याबद्दल पैसे देऊन काही लिहून मागत असेल तर उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचा आणि आपल्या जुन्या मुख्यालयाला कळवायचं. मी दोनदा कळवलं आहे.

आखाती देशांत संरक्षणाशी संबंधित खासगी नोकरी चालून आली, तर करार भारतातल्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये कतारमध्ये आपल्या नौदलाच्या आठ माजी जणांना अटक झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि सरकारने बरेच प्रयत्न केल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची सुटका झाली. त्या दीड वर्षात त्यांच्या घरच्यांवर काय गुदरलं असेल याची कल्पना आपल्याला करता येते.

आता ते एक पान. माझ्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतं: "अतिसंवेदनशील क्षेत्रात ब्रिगेड स्तरावर गुप्तवार्तेचे संकलन, विश्लेषण व वितरण यांची जबाबदारी यशस्वीपणे सांभाळली." पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे सकाळी उठून तुम्ही काय करत होतात?" मला उत्तर देता आलं नाही. नोकरी मिळाली नाही. तीन आठवडे घासून झाल्यावर तेच वाक्य असं झालं: "नऊ जणांच्या गटाचं नेतृत्व केलं. रोज सकाळी सातपर्यंत वरिष्ठांना एक पान देत होतो: काल काय झालं, आज कुठल्या रस्त्याने जाणं धोक्याचं आहे, आणि हे मला किती खात्रीने वाटतं." यात एकही गुपित नाही, आणि मी काय करू शकतो ते मात्र सगळं आहे.

काम कुठे मिळतं

संयुक्त राष्ट्रांमध्ये सुरक्षेचं वेगळं खातं आहे. त्याचा जन्म कसा झाला ते ठाऊक असावं, कारण मुलाखतीत त्याच्या आसपासचेच प्रश्न येतात. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या कनाल हॉटेलवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर, स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा दि मेलो यांच्यासह बावीस जण गेले. खिडक्यांच्या काचा उडून कितीतरी माणसं जखमी झाली. काचांवर लावायची स्फोटरोधक फिल्म वेळेत लागलेली नव्हती. त्यानंतर फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी यांच्या समितीने सगळ्या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले, आणि १ जानेवारी २००५ पासून यूएनडीएसएस हे खातं सुरू झालं. आजही सल्लागाराचा निम्मा दिवस त्या फिल्मसारख्या गोष्टींत जातो: खरेदीचा अर्ज कुठे अडकला, सही कुणाची राहिली. हे काम हलकं मानणारा अधिकारी तिथे टिकत नाही.

तिथल्या फील्ड सिक्युरिटीच्या जागा इन्स्पिरा या पोर्टलवर निघतात. पी-३ या श्रेणीला पदव्युत्तर पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो, नुसती पदवी असेल तर सात वर्षांचा. पदवी वेळेत घ्या म्हणालो ते यासाठी. अर्ज भरताना जाहिरातीतली प्रत्येक अट घ्यायची आणि तिच्यासमोर आपल्या अनुभवातला एक प्रसंग लिहायचा: काय झालं, मी काय केलं, त्यातून काय निष्पन्न झालं. उत्तर यायला सहा-आठ महिनेसुद्धा लागतात. तोवर दुसरं काम शोधत राहा.

कंपन्यांचं क्षेत्र मोठं आहे, पैसाही जास्त आहे. तेल, खाणी, बंदरं, आयटी. तिथे एएसआयएस या सुरक्षा व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सीपीपी ही परीक्षा ओळखली जाते आणि कर्मचाऱ्यांच्या प्रवासातल्या जोखमीसाठी आयएसओ ३१०३० हे २०२१ चं मानक तोंडपाठ असावं लागतं. माझा त्यातला अनुभव बेताचा आहे. पण एक प्रकरण प्रत्येक माजी फौजीने वाचावं. जानेवारी २०१३ मध्ये अल्जीरियातल्या इन अमेनास इथल्या गॅस प्रकल्पावर हल्ला झाला आणि चाळीस कामगार मारले गेले. प्रकल्पातली भागीदार नॉर्वेजियन कंपनी स्टॅटऑइलने स्वतःच्या चौकशीचा अहवाल त्याच वर्षी जाहीर केला. त्यातला मुख्य मुद्दा असा की बाहेर अल्जीरियाचं सैन्य आहे या भरवशावर आतली तयारी कच्ची राहिली. आपण सैन्यातून आलेलो असतो. "बाहेर सैन्य आहे" हे ऐकलं की आपला जीव भांड्यात पडतो. तिथेच सावध व्हायचं.

मदतसंस्थांचं काम मला सर्वांत जवळचं वाटतं, आणि सर्वांत जास्त जुनं विसरावं लागतं तेही इथेच. इथे सुरक्षेचे तीन मार्ग सांगतात: लोकांनी आपल्याला स्वीकारणं, भिंती-कुलपांनी स्वतःला जपणं, आणि धाक. फौजेत आपण धाकापासून सुरुवात करतो. मदतसंस्थेची सुरुवात स्वीकारापासून होते. गावाला तुम्ही हवे असाल तर रस्त्यात काय आहे ते गावच तुम्हाला सांगतं. बंदूकधारी बरोबर घेतलात तर तुम्ही एका बाजूचे झालात, आणि दवाखान्यात येणारी बाई यायची थांबते.

म्हणून माहिती मिळवायची पद्धतही बदलते. ड्रायव्हर, चौकीदार, बाजारात टोमॅटो विकणारी बाई, गावचा मुखिया, यांच्याकडूनच सगळं कळतं. पण यांना सोर्स म्हणायचं नाही, सोर्ससारखं वागवायचं नाही, माहितीसाठी पैसे द्यायचे नाहीत, कुणाला गुपचूप भेटायचं नाही, आणि "इंटेलिजन्स" हा शब्द कार्यालयात उच्चारायचा नाही. मदतसंस्था हेरगिरी करते असा नुसता संशय आला तरी सरकार तिला देशाबाहेर काढू शकतं, आणि त्याआधी तिच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना त्याची झळ बसते. स्वतःचा भूतकाळ मात्र लपवू नका. मी प्रत्येक नव्या कार्यालयात पहिल्याच बैठकीत सांगत असे: मी भारतीय सैन्यात होतो, गुप्तवार्तेचं काम केलं, आता ते करत नाही, इथे माझ्या वहीत जे लिहीन ते तुमच्यापैकी कुणीही वाचू शकतं. वही टेबलावर उघडी असायची.

या क्षेत्रातल्या जबाबदारीचं वजन २०१५ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने ठरवून दिलं. २९ जून २०१२ ला केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलच्या ताफ्यावर हल्ला झाला. एक ड्रायव्हर ठार झाला, चार कर्मचाऱ्यांचं अपहरण झालं, चार दिवसांनी त्यांची सुटका झाली. त्यांतल्या स्टीव्ह डेनिस यांनी संस्थेवर दावा लावला आणि तो जिंकला. संस्थेने घोर निष्काळजीपणा केला असं न्यायालय म्हणालं. अपहरणाचा धोका ठाऊक होता, आणि ठाऊक असूनही पुरेशी काळजी घेतली गेली नाही. तेव्हापासून प्रत्येक संस्थेत एकच प्रश्न विचारला जातो: धोका सांगितला होता का, कुणी, कधी, कागद कुठे आहे? तो कागद लिहिणारे आपण असतो.

कागद कसा लिहायचा

दक्षिण सुदानमध्ये राजधानी जुबाहून युगांडाच्या सीमेपर्यंत निमुलेचा रस्ता जातो. शंभर मैलांहून जास्त डांबरी, देशातला तेव्हा एवढाच एक लांब पक्का रस्ता. त्यावर अधूनमधून गाड्या अडवून गोळीबार व्हायचा. माझ्या पहिल्या महिन्यात एका सकाळी साडेसातला संस्थेच्या देश-संचालक बाईंनी विचारलं, औषधांचे दोन ट्रक आज जाऊ देऊ का? मी आदल्या रात्री बसून चार पानं लिहिली होती. गट, त्यांची बळं, मागच्या घटना, नकाशा. त्यांनी चारही पानं वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे फार चांगलं आहे. मी काय करू?"

माझ्या चार पानांत ते कुठेच नव्हतं. आम्ही शत्रूबद्दल लिहायला शिकलेलो असतो. निर्णय कमांडरचा, तो त्याला कळतो. इथे शत्रू नाही, आणि समोरच्या व्यक्तीचं आयुष्य लसीकरण आणि हिशेब यांत गेलेलं आहे. मी त्याच टेबलावर कोऱ्या कागदावर पाच ओळी लिहिल्या:

आज ट्रक पाठवू नका, उद्या सकाळी आठनंतर पाठवा.
कारण: काल संध्याकाळी अर्ध्या वाटेवर एक गाडी लुटली. दोन वेगवेगळ्या वाहतूकदारांनी सांगितलं, ते एकमेकांना ओळखत नाहीत. खात्री बऱ्यापैकी.
उद्या का: आज दुपारी व्यापाऱ्यांचा ताफा जाणार आहे, तो नीट पोचला तर कळेल.
एक दिवस थांबल्याचा तोटा: शीतपेटीतल्या लसी तोवर टिकतील, औषधभांडाराला विचारलं आहे.
तरीही आज पाठवायचे असतील तर: रेडिओ रूमला दर तीस मिनिटांनी कळवणं, आणि दोन्ही ड्रायव्हरांना नाही म्हणायची मोकळीक.

ट्रक दुसऱ्या दिवशी गेले. पुढे सगळी वर्षं मी याच पाच ओळींत लिहीत आलो: काय करा, का, किती खात्री, थांबल्याचा तोटा किती, आणि माझं ऐकलं नाही तर निदान काय करा. शेवटच्या ओळीबद्दल सांगतो. सल्लागाराला हुकूम देता येत नाही. तुमचा सल्ला नाकारला जाईल आणि तरीही माणसं रस्त्यावर असतील. त्यांच्यासाठी ती ओळ असते. रागावून ती लिहायची राहून गेली, असं माझ्या हातून एकदा घडलं आहे. कुणाला काही झालं नाही, पण ती रात्र मी रेडिओशेजारी बसून काढली.

चार दिवस आवारात बंद

जुलै २०१६ मध्ये जुबात लढाई पेटली. ८ तारखेला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाशी गोळीबार सुरू झाला आणि १० व ११ ला रणगाडे, हेलिकॉप्टर सगळं उतरलं. आम्ही चौदा जण आमच्या आवारात अडकलो. या स्थितीला आमच्या भाषेत हायबरनेशन म्हणतात: बाहेर पडणं थांबून राहण्यापेक्षा धोक्याचं असतं तेव्हा आत दबून राहायचं. तिथे जे कामी आलं ते सगळं आधीच्या चार महिन्यांत केलेलं होतं. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, सात दिवसांचं. आतल्या खोलीच्या भिंतीला कंबरभर वाळूच्या गोण्या. जनरेटरचं डिझेल. दोन सॅटेलाइट फोन. प्रत्येकाचा रक्तगट आणि नेहमीची औषधं. स्वयंपाकी स्थानिक होता, त्याच्या घरच्यांनाही आत आणायचं आधीच ठरलेलं होतं. ही शेवटची गोष्ट पुष्कळ योजनांत नसते. परदेशी कर्मचाऱ्यांना विमान आणि स्थानिकांना "सावध राहा" असा मेसेज, अशी योजना जर कुणी तुमच्याकडून लिहून मागितली तर तिच्यावर सही करू नका.

११ तारखेला शहराच्या दुसऱ्या भागातल्या टेरेन नावाच्या निवासी आवारात, जिथे मदतसंस्थांची माणसं होती, सरकारी सैनिक शिरले. आतल्या लोकांनी मदतीसाठी फोनवर फोन केले. संयुक्त राष्ट्रांचा तळ तिथून जेमतेम मैलावर होता, पण तिथून कुणी आलं नाही. नंतर चौकशी झाली आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या फोर्स कमांडरना दूर केलं गेलं. त्या घटनेनंतर मी लिहिलेल्या कुठल्याही योजनेत "गरज पडल्यास शांतिसैनिक येतील" हे वाक्य नाही. आले तर देवाची कृपा, पण पाणी सात दिवसांचं आपलं आपण भरायचं.

१४ जुलैला भारतीयांना बाहेर काढायला आपल्या हवाई दलाची दोन सी-१७ विमानं जुबात उतरली, ऑपरेशन संकटमोचन. कितीतरी भारतीय व्यापारी दुकान टाकून यायला तयार नव्हते. मला ते समजत होतं. आप्पासुद्धा आपली मूस सोडून आले नसते. अशा माणसांना "निघा" एवढंच सांगून भागत नाही. कुठल्या क्षणी निघायचं ते त्यांच्याबरोबर बसून आधी ठरवावं लागतं: मोबाइलचं जाळं बंद पडलं तर, विमानतळाचा रस्ता एका बाजूने तुटला तर. पेच पडायच्या आत ठरवलेली खूणच ऐन वेळी मानली जाते.

करार आणि सामान

करारावर सही करण्याआधी विम्याची मूळ कागदपत्रं मागा, सारांश नको. युद्धाच्या प्रदेशात झालेली इजा वगळलेली आहे का? जखमीला बाहेर काढणारं विमान कोण बोलावणार, कुणाच्या सहीने? तुमच्या ड्रायव्हरलाही तोच विमा आहे का? धोकादायक प्रदेशात जाणाऱ्यांसाठी चार-पाच दिवसांचं 'हीट' (HEAT) नावाचं प्रशिक्षण असतं, तिथल्या धोक्यांत कसं वागायचं याचं, ते संस्थेच्या खर्चाने झालंच पाहिजे. तुम्ही फौजी असलात तरी. निःशस्त्र माणसाने नाक्यावर कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. हात स्टिअरिंगवर, गॉगल काढलेला, आवाज खाली.

सुट्टीवर घरी येताना सॅटेलाइट फोन सामानात आणू नका. थुराया असो की इरिडियम, परवान्याशिवाय तो भारतात बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर तुमची बावीस वर्षांची सेवा सांगून सुटका होत नाही.

शेवटचं, घरचं. बहुतेक संस्था रुजू होताना एक फॉर्म देतात, प्रूफ ऑफ लाइफचा. अपहरण झालं तर तुम्ही जिवंत आहात आणि बोलणारे तुम्हीच आहात याची खात्री करायला तीन-चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून द्यायची असतात, तुम्हाला आणि घरच्या एकाच माणसाला ठाऊक असतील अशी. पुष्कळ जण तो विमानात बसून एकटेच भरतात: आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा. ही उत्तरं फेसबुकवर दहा मिनिटांत सापडतात.

तो घरी बसून भरा. मी आणि बायकोने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरला होता. तिने विचारलं, हे कशासाठी? मी सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मला विचार, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात क्वार्टरमध्ये पाणी कुठल्या कोपऱ्यातून गळत होतं. तो आमचा पहिला प्रश्न झाला. उत्तर जोडीदाराला पाठ असू द्या, ते फोनवर किंवा मेलमध्ये लिहू नका, पाकीट बंद करून संस्थेच्या एकाच जबाबदार माणसाच्या हाती द्या, आणि प्रत्येक नव्या पोस्टिंगला प्रश्न बदला.